फातोर्ड्याची आशा आणि कर्जतचे मैदान

दि. १३ ऑगस्ट २०२५ रोजी मडगावजवळील फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा आणि ओमानचा अल सीब या दोन संघांत फुटबॉलचा एक सामना झाला. आशियाई फुटबॉल महासंघाच्या 'चॅम्पियन्स लीग टू' या स्पर्धेच्या गटसाखळीत प्रवेश मिळवण्यासाठीचा तो प्ले-ऑफ, म्हणजे एकाच सामन्यात निकाल लावणारा पात्रता सामना होता. जिंकणाऱ्याला आशियातील मातब्बर संघांशी खेळण्याची संधी मिळणार होती. हरणाऱ्याला खालच्या दर्जाच्या स्पर्धेवर समाधान मानावे लागणार होते.

सामन्यापूर्वीचे चित्र गोव्याच्या पाठीराख्यांना धीर देणारे नव्हते. अल सीब हा २०२२ चा एएफसी कप जिंकलेला संघ. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याने क्वालालंपूरच्या संघाचा त्याच्याच शहरात ३-० असा पराभव केला होता. इकडे भारताचा राष्ट्रीय संघ जुलै २०२५ च्या जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानापर्यंत घसरला होता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, ज्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा खेळतो ती लीगच ११ जुलै २०२५ रोजी स्थगित झाल्याचे जाहीर झाले होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगची आयोजक कंपनी यांच्यातील करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता आणि पुढच्या कराराचा पत्ता नव्हता. ऑगस्टच्या आरंभीच बंगळूरूच्या क्लबने आपल्या पहिल्या संघाचे वेतन थांबवले. अशा दिवसांत फातोर्ड्याच्या प्रेक्षागारात जाऊन बसणारा पाठीराखा नेमकी कशाची आशा बाळगत होता?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गोव्याच्या चाहत्याला आशाभंगाचा अनुभव पुष्कळ आहे. २०१५ साली याच फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात चेन्नईकडून अगदी शेवटच्या क्षणी २-३ अशी हार झाली. मार्च २०१९ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत बंगळूरूने एकमेव गोल करून चषक नेला. एप्रिल २०२५ मध्ये उपांत्य फेरीत पहिल्या सामन्यातील दोन गोलांची पिछाडी गोव्याने दुसऱ्या सामन्यात भरून काढली, आणि सामना जादा वेळेत जाणार असे वाटत असतानाच सुनील छेत्रीच्या हेडरने पुन्हा तोच घाव घातला. बरे, हा माणूस केवळ भोळा म्हणावा, तर त्याच संघाने त्यानंतर महिनाभरात, ३ मे रोजी, भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप जिंकला होता आणि म्हणूनच तो अल सीबसमोर उभा होता. आशेला आधार होता, आणि भीतीलाही होता.

कर्जत-खालापूर परिसरातील आपल्या वाचकांना या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपला लोहमार्ग बोरघाट चढून पुण्याकडे जातो. मडगावची गाडी पनवेलहून दुसऱ्याच वाटेने दक्षिणेला वळते. परंतु आपल्या धर्मग्रामांत रेल्वेच्या व कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे येथे स्थायिक झालेली, गोवा-मंगळूरकडची मुळे असलेली कुटुंबे आहेत. वाड्यापाड्यांवरचे आदिवासी भाविक आहेत. या सर्वांची मुले फुटबॉल पाहतात. मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या नावांचे सदरे खोपोलीच्या बाजारातही मिळतात. आणि ज्याला आपला संघ दुबळा असल्याचे पक्के ठाऊक आहे, तरीही जो त्याच्या बाजूने उभा राहतो, अशा माणसाची मनःस्थिती आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

योगायोग असा की, २०२५ हे ख्रिस्तसभेचे जुबिली वर्ष होते आणि 'आशेचे यात्रेकरू' हा त्याचा विषय होता. वर्षभर आपण मिस्साबलीदानात, प्रवचनांत, तीर्थयात्रांत 'आशा' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की त्याची धार काहीशी बोथट झाली असावी. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र या शब्दाचा अर्थ फार काटेकोरपणे मांडला आहे. त्यांच्या मते आशेचा विषय चार अटी पूर्ण करतो: ती गोष्ट चांगली असावी, ती अजून हाती आलेली नसावी, ती मिळवणे कष्टाचे असावे, आणि ती मिळणे शक्य असावे. कष्ट नसतील तर ती केवळ इच्छा. शक्यता नसेल तर ती निराशा किंवा स्वप्नरंजन. ही व्याख्या ईश्वरी सद्गुणापुरती नाही. मानवी मनाच्या सर्वसाधारण आशेलाही ती लागू पडते. बलाढ्य संघाच्या चाहत्याला खरे तर आशेची गरजच नसते, त्याच्यापाशी अपेक्षा असते. आशा ही दुबळ्याच्या पाठीराख्याची मिरास आहे.

या कसोटीवर फातोर्ड्याचा पाठीराखा उत्तम उतरतो. विजय कष्टाचा होता हे त्याला ठाऊक होते. तो शक्य होता, हेही त्याने पारखले होते. मैदान घरचे, प्रशिक्षक मानोलो मार्केझ अनुभवी, संघ सुपर कपचा विजेता. शिवाय २०२१ मध्ये आशियाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय संघ ठरला होता, आणि कतारच्या अल रय्यानशी ०-० अशी बरोबरी साधून त्याने आपली लायकी दाखवली होती. करोनामुळे त्या वेळी प्रेक्षागार रिकामे होते. या वेळी ते भरता येणार होते.

गोव्याने सामना २-१ असा जिंकला. देयान द्राझिच आणि हाविएर सिवेरियो यांनी गोल केले. अल सीबने एक गोल फेडला आणि शेवटची अर्धी घटका पाठीराख्यांनी श्वास रोखून काढली. पुढे सौदी अरेबियाचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, गोव्याच्या गटात आला. गोव्यात जणू सणच आला. रोनाल्डो स्वतः आला नाही. २२ ऑक्टोबरला अल नस्रने २-१ असा विजय मिळवला, तरी ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणाने त्या धनाढ्य संघावर केलेला गोल गोव्याच्या गावागावांत दीर्घकाळ सांगितला जाईल. गटातील सहाही सामने गोवा हरला. मग ऑगस्टमधली आशा फसली असे म्हणायचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पाठीराख्याने प्रवेशाची आशा केली होती. ती पूर्ण झाली. पुढची झुंज निराळी होती, आणि तिच्यात आपण हरू शकतो हे ठाऊक असूनच तो तेथे आला होता. दि. १५ जून २०२५ रोजी, क्रीडाक्षेत्राच्या जुबिलीनिमित्त अर्पण केलेल्या मिस्सात पोप लिओ चौदावे यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. जगण्याचा अधिकार जणू जिंकणाऱ्यांनाच आहे असे मानणाऱ्या या काळात खेळ माणसाला हरायला शिकवतो, अशा आशयाचे ते बोलले.

येथे एक बाजूची गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. फातोर्ड्याच्या सामन्यानंतर आठवडाभरातच संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. तोपर्यंत आपल्या तरुणांपैकी किती जण मोबाइलवर 'आपला संघ' बनवून पैसे लावत होते, हे पालकांना विचारावे. कबुलीपीठात काय ऐकले ते धर्मगुरू सांगू शकत नाहीत. पैज लावणारा आणि पाठीराखा शेजारी शेजारी बसतात, एकाच क्षणी ओरडतात. परंतु पैज लावणाऱ्याला संघाशी काही देणेघेणे नसते. उद्या दर बदलला तर तो दुसऱ्या संघाकडे जातो. कायद्याने दुकान बंद केले ही चांगली गोष्ट झाली. सवय मात्र अधिसूचनेने सुटत नाही, आणि छुपे मार्ग संपलेले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अक्वायनस यांच्या चार अटींपैकी चौथी, शक्यतेची अट, ही खेळाच्या बाबतीत शेवटी एका अतिशय ठोस गोष्टीवर येऊन थांबते: मुलाला धावायला जमीन आहे की नाही.

कुरासाव या कॅरिबियन बेटाचे उदाहरण घ्यावे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जमैकाशी किंग्स्टन येथे ०-० अशी बरोबरी करून हा संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. बहुसंख्य कॅथोलिक वस्तीच्या या बेटाची लोकसंख्या सुमारे दीड लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या कर्जत तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक होती. म्हणजे आपल्या एका तालुक्याहून लहान असलेला देश जगातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेत पोहोचला. ही बातमी वाचून आपल्याकडे पुष्कळांनी 'चमत्कार' म्हटले. पण त्या संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले वा वाढले. तेथील गावागावांत असलेल्या क्लबांच्या हिरवळीवर ते लहानपणापासून खेळले, आणि मग आजी-आजोबांच्या बेटासाठी उभे राहिले. दुबळ्या संघाच्या आशेखाली कोणाची तरी राखलेली मैदाने असतात.

मैदान आणि क्लब गेले की पाठीराख्याचे काय होते, याची उदाहरणे शोधायला दूर जायला नको. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये त्याच्या कंपनीने बंद केला. जून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तीन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. २०१७ मध्ये मुंबई एफसी विसर्जित झाला. या संघांची माणसे हरली नव्हती. त्यांच्याकडून हरण्याची संधीच काढून घेतली गेली. २०२५ च्या हिवाळ्यात हीच टांगती तलवार साऱ्या भारतीय फुटबॉलवर होती. लीगच्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. ७ डिसेंबरला एफसी गोवाने फातोर्ड्यावर ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून सुपर कप राखला, तेव्हाही पुढचा लीग सामना कधी हे विजेत्यांना ठाऊक नव्हते. २४ डिसेंबरला, गोव्यातील घराघरांत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी चाललेली असताना, ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलविरुद्धचा सामना सुरू होताच गोव्याचे खेळाडू निषेधार्थ काही क्षण स्तब्ध उभे राहिले. लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी आखूड वेळापत्रकानिशी सुरू झाली. आमच्या मते त्या मोसमातली सर्वांत बोलकी घटना ते स्तब्ध उभे राहणे हीच होय.

या संदर्भात अर्जेंटिनातील सान लोरेन्सो या क्लबचा इतिहास कॅथोलिक वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. पोप फ्रान्सिस या क्लबचे निस्सीम चाहते होते, हे सर्वश्रुत आहे. क्लबचा जन्म कसा झाला, हे तितके ठाऊक नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्वेनोस आयरेसच्या आल्माग्रो वस्तीत काही मुले रस्त्यावर फुटबॉल खेळत. एकदा एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला. ते पाहून लोरेन्सो मासा या सालेशियन धर्मगुरूंनी मुलांना चर्चचे आवार खेळायला खुले करून दिले. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. १९०८ मध्ये त्या मुलांनी स्थापन केलेल्या क्लबला त्यांच्याच सन्मानार्थ सान लोरेन्सो हे नाव मिळाले.

पुढे क्लब मोठा झाला, बोएदो या वस्तीत त्याचे भव्य स्टेडियम झाले, आणि १९७९ मध्ये, लष्करी राजवटीच्या काळात, ते त्याला गमवावे लागले. त्या जागी एका परदेशी कंपनीचे सुपरमार्केट उभे राहिले. १९८१ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. मैदान नाही, श्रेणी नाही; तरी १९८२ मध्ये त्या खालच्या श्रेणीतले त्याचे सामने पाहायला विक्रमी गर्दी लोटली. त्याच वर्षी संघ परत वर आला. पाठीराखे मात्र बोएदो विसरले नाहीत. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मोर्चे काढले, वर्गणी काढून जमिनीचा एकेक चौरस मीटर 'विकत' घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने जमीन परत करण्यासंबंधीचा कायदा केला आणि २०१९ मध्ये ती क्लबच्या ताब्यात आली. दरम्यान २०१४ मध्ये सान लोरेन्सोने प्रथमच दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च चषक, कोपा लिबेर्तादोरेस, जिंकला होता. तारीख होती १३ ऑगस्ट. फातोर्ड्याच्या सामन्याला ती अकरा वर्षांनी जुळून आली, याला आम्ही अर्थ चिकटवू इच्छित नाही. पण लक्षात राहते खरी.

चषकापेक्षा ते चौरस मीटर आम्हाला अधिक मोलाचे वाटतात, आणि त्याचे कारण आपल्या दोन तालुक्यांत आहे.

कर्जत-खालापूरमध्ये मैदान म्हणजे आजवर बहुधा भाताचे खाचर. कापणी आटोपली की बांधाबांधांतून टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी रंगते. रायगड जिल्ह्याची कबड्डी याच मातीत वाढली. फुटबॉल मुख्यतः पावसाळ्यात, चिखलात, चार दगड मांडून. ही मैदाने कागदावर कोठेच नसतात. शेतमालकाच्या चांगुलपणावर ती चालतात. तो शेतमालक आता बदलतो आहे. २०१३ मध्ये विमानतळ प्रभावित म्हणून अधिसूचित झालेल्या 'नैना' क्षेत्रात आपल्या दोन्ही तालुक्यांतील गावे घेतली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नाताळच्या दिवशी तेथून विमाने उडू लागली. जमिनीचे भाव कोठे गेले, ते कर्जत स्थानकाबाहेरच्या फलकांवरून कळते. जेथे पाच वर्षांपूर्वी मुले खेळत, तेथे आज प्लॉटिंगचे दगड आणि तारेचे कुंपण आहे. आत फार्महाऊसची हिरवळ असते, उत्तम कापलेली. तिच्यावर बहुधा कोणी खेळत नाही.

विकासाला विरोध करण्याचा येथे हेतू नाही. विमानतळामुळे आपल्या तरुणांना नोकऱ्या मिळणार असतील तर त्या हव्याच आहेत. प्रश्न इतकाच की खाचर गेल्यावर त्याच्या बदल्यात मुलांना काय मिळाले. प्रत्येक तालुक्याला एक क्रीडा संकुल, हे राज्य शासनाचे धोरण आहे आणि ते स्तुत्य आहे. पण ठाकूरवाडीतला दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी तालुक्याच्या गावी कसा जाणार आणि कसा परतणार? त्याला वाडीपासून चालत गाठता येईल अशी सपाट जागा हवी. कर्जतजवळ 'मॅजिक बस' या संस्थेचे निवासी केंद्र आहे. १९९९ मध्ये मॅथ्यू स्पेसी यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांसाठी ही संस्था सुरू केली आणि खेळ हेच शिक्षणाचे साधन मानले. शहरातील गरीब मुलांना धावायला मिळावे म्हणून कर्जतची मोकळी जमीन निवडली गेली होती, आणि आज कर्जतच्या मुलांसाठी मोकळी जमीन शोधावी लागत आहे. घाट चढून वर गेले की लोणावळ्याला सालेशियन फादरांची डॉन बॉस्को शाळा आहे. मासा यांची परंपरा आपल्यापासून इतक्या जवळ आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली आपल्या हातातली आहे. आपल्या चर्चची, शाळांची, संस्थांची आवारे संध्याकाळी कुलूपबंद का असतात, याचा विचार प्रत्येक धर्मग्राम परिषदेने करावा. सुरक्षेची आणि देखरेखीची अडचण खरी आहे. ती पाळीपाळीने दोन पालक उभे राहिले तर सुटते. मुलगा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे फाटकावर विचारले जाऊ नये. फादर मासांनी घातलेली मिस्साची अट आज आपल्याकडे घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. आपल्या गावात गुरचरण किती, शाळेचे मैदान सातबाऱ्यावर कोणाच्या नावे, विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण आहे की उठवले गेले, ही माहिती तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत मिळते, पण मागणारा माणूस लागतो. गुरचरणाचा काही भाग खेळासाठी राखायचा तर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्याला वेळ जातो, म्हणून आरंभ लवकर व्हावा. एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर आणि सव्वीस जानेवारी या सुमारास होणाऱ्या ग्रामसभांना आपल्या धर्मग्रामांतील किती प्रौढ हजर असतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत मैदानाचा विषय घालायचा असल्यास लेखी अर्ज आधी द्यावा लागतो. अर्जाचा नमुना तयार करून तो धर्मग्राम कार्यालयांत ठेवण्याची विनंती आम्ही सर्व धर्मगुरूंना करीत आहोत.